राणी बूडिका

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक नावाचा एक सपाट व सुपीक प्रांत आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या प्रांतात आइसेनी नावाचे लोक राहत असत. त्या काळी इंग्लंड हे नाव कोणास ठाऊक नव्हते. रोमन लोक त्या बेटास ब्रिटानिया म्हणत आणि तेथील रहिवाशांस ब्रिटन म्हणत. हे ब्रिटन लोक एका राजाच्या छत्राखाली नव्हते. त्यांच्या अनेक जमाती होत्या. प्रत्येक जमातीचा मुलूख निराळा, राजा निराळा आणि अभिमानही निराळा. त्यांची घरे वाटोळी असत. कुडाच्या भिंतींना माती लिंपलेली असे व वर गवताचे उंच शाकार असे. ते शेती करीत, गुरे व घोडे पाळीत आणि युद्धप्रसंगी हलक्या रथांत बसून लढत.

आइसेनी लोकांना सोन्याचे मोठे वेड होते. सोन्याच्या तारा पिळून केलेले जाड गोफ त्यांचे सरदार गळ्यात घालीत. नॉरफोकमधील स्नेटिशम या गावी १९४८ सालापासून जमिनीतून असे अनेक गोफ सापडले. ते आज लंडन व नॉरफोक येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांवरची नाजूक कलाकुसर पाहिली म्हणजे या लोकांस रानटी म्हणणाऱ्यांची जीभ अडखळल्यावाचून राहत नाही. अशा या जमातीची राणी बूडिका हिचे नाव इतिहासात अजरामर झाले. तिच्या नावाचा अर्थच मुळी विजय असा आहे. पण तिच्या वाट्यास आलेला विजय फार थोडे दिवस टिकावयाचा होता.

त्या वेळी रोमच्या सत्तेचा सूर्य माथ्यावर आला होता. रोमन सेनापती ज्युलियस सीझर याने इ. स. पूर्व ५५ व ५४ साली ब्रिटानियावर दोन स्वाऱ्या केल्या होत्या. परंतु तो तेथे राज्य न स्थापता परतला. पुढे इ. स. ४३ साली सम्राट क्लॉडियस याने मोठे सैन्य समुद्रापार धाडले. सम्राट स्वतःही त्या बेटावर गेला. ट्रिनोव्हांटीज लोकांच्या प्रदेशात कॅम्युलोडूनम नावाचे मोठे ठाणे होते. ते रोमनांच्या हाती पडले आणि अनेक ब्रिटन राजांनी शरणागती पत्करली. क्लॉडियस त्या बेटावर अवघे १६ दिवस राहिला. पण त्याचे सैन्य मात्र पुढे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ तेथून हलले नाही.

आइसेनींनी आरंभी रोमशी सख्य राखले होते. परंतु इ. स. ४७ च्या सुमारास रोमन सुभेदाराने त्यांस शस्त्रे खाली ठेवण्याचा हुकूम केला, तेव्हा हा मानी समाज चवताळून उठला. त्या बंडात त्यांचा पराभव झाला. तथापि रोमनांनी त्यांचे राज्य खालसा केले नाही. प्रासुटागस नावाचा राजा आइसेनींवर राज्य करीत होता. त्याने रोमचे मांडलिकत्व मान्य केले होते. बूडिका ही याच राजाची पत्नी. त्यांना दोन मुली होत्या. राजा श्रीमंत होता, त्याने पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि बलाढ्य शेजाऱ्याशी जुळवून घेऊन आपल्या प्रजेस सुखात ठेवावे हे त्याचे धोरण होते.

प्रासुटागस म्हातारा झाला, तेव्हा त्यास एक चिंता लागून राहिली. त्यास पुत्र नव्हता. मांडलिक राजा मरण पावला की रोमन त्याचे राज्य गिळंकृत करीत, हे त्यास ठाऊक होते. म्हणून त्याने एक युक्ती योजिली. त्याने मृत्युपत्र केले व आपल्या संपत्तीचे वारस म्हणून आपल्या दोन्ही मुलींबरोबर रोमचा सम्राट नीरो याचेही नाव लिहिले. सम्राटास वाटा मिळाला म्हणजे उरलेला वाटा मुलींकडे सुरक्षित राहील, असा त्याचा हिशेब होता. कायद्यावर आणि शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा हा हिशेब होता. आणि तो साफ चुकला.

इ. स. ६० च्या सुमारास राजाने डोळे मिटले. सम्राटाच्या वतीने ब्रिटानियातील कर व खजिना पाहणारा केटस डेसियानस नावाचा अधिकारी होता. त्याच्या माणसांनी मृत्युपत्राकडे ढुंकूनही पाहिले नाही. सारे राज्य जणू लढाईत जिंकले आहे अशा थाटाने ते आइसेनींच्या मुलखात शिरले. सैन्यातील अंमलदारांनी राज्य लुटले. अधिकाऱ्यांच्या गुलामांनी राजवाडा लुटला. जमातीतील मोठमोठ्या घराण्यांच्या वडिलोपार्जित जमिनी हिसकावून घेतल्या. राजाच्या आप्तांना गुलामांप्रमाणे वागविले. राणीने या अन्यायास विरोध केला असता तिला फटके मारण्यात आले आणि तिच्या कोवळ्या मुलींवर सैनिकांनी निर्घृण अत्याचार केले. काल ज्यांच्यापुढे प्रजा नम्र होत होती, त्या मायलेकींची आज प्रजेच्या देखत अशी विटंबना झाली.

या जखमेवर मीठ चोळणारी आणखी एक गोष्ट घडली. क्लॉडियसने काही ब्रिटन सरदारांना पूर्वी पैसे दिले होते. ते बक्षीस आहेत असे सरदार समजत होते. आता डेसियानसने ते कर्ज आहे असे म्हणून परत मागितले. रोममधील धनिकांनीही ब्रिटनांस व्याजाने मोठाल्या रकमा दिल्या होत्या. तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला सेनेका हा त्यांपैकीच एक होता, आणि त्याने आपली सारी रक्कम एकदम वसूल करावयास लावली, असे कॅशियस डायो या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. एकीकडे कर, दुसरीकडे कर्ज आणि तिसरीकडे अपमान, अशा तिहेरी पेचात ती जमात सापडली.

हे दुःख एकट्या आइसेनींचे नव्हते. दक्षिणेकडील ट्रिनोव्हांटीज लोकही आतल्या आत धुमसत होते. त्यांच्या कॅम्युलोडूनम या ठाण्यात प्रथम रोमन पलटणीची छावणी होती. इ. स. ४९ साली ती पलटण पुढे गेली आणि त्या जागी निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत करण्यात आली. या सैनिकांना जमिनी हव्या होत्या. त्यांनी ट्रिनोव्हांटीज शेतकऱ्यांना त्यांच्या घरांतून व शेतांतून हाकलून दिले आणि वर त्यांस कैदी व गुलाम म्हणून हिणवले. वसाहतीच्या मध्यभागी क्लॉडियस सम्राटाचे भव्य देवालय उभे राहिले. मरण पावलेल्या सम्राटास रोमन लोक देव मानीत असत. या नव्या देवाच्या पूजेचा खर्च मात्र जिंकलेल्या ब्रिटन सरदारांना सोसावा लागे. ज्याने आपले स्वातंत्र्य हिरावले, त्याच्याच पूजेसाठी आपले घर रिकामे करावयाचे, ही गोष्ट त्यांच्या मनास सारखी डाचत होती. ते देवालय त्यांना कायमच्या दास्याचा बालेकिल्लाच वाटू लागले.

अशा वेळी बूडिका उभी राहिली. अपमान गिळून घरात बसणे तिच्या स्वभावात नव्हते. ती उंच व धिप्पाड होती. तिची नजर तीक्ष्ण होती व आवाज कठोर होता. तिचे पिंगट लाल केस कमरेखाली रुळत. गळ्यात सोन्याचा जाड गोफ, अंगात रंगीबेरंगी अंगरखा व त्यावर जाड लोकरी शाल, असा तिचा वेष डायोने वर्णिलेला आहे. ब्रिटन लोक सेनापती निवडताना स्त्रीपुरुष असा भेद करीत नसत. आइसेनी व ट्रिनोव्हांटीज एक झाले. इतरही काही जमाती त्यांस येऊन मिळाल्या. गुप्तपणे खलबते झाली. राणीने हातात भाला घेऊन जमलेल्या लोकांपुढे आपली कैफियत मांडली. त्यानंतर तिने आपल्या वस्त्राच्या ओच्यातून एक ससा मोकळा सोडला. ससा शुभ दिशेस पळाला असे पाहून लोकांनी जयघोष केला, आणि राणीने आपल्या जमातीच्या देवीची करुणा भाकली.

उठावाला वेळही अनुकूल होती. ब्रिटानियाचा रोमन सुभेदार स्वेटोनियस पॉलिनस हा आपले सैन्य घेऊन दूर पश्चिमेस गेला होता. तेथे मोना नावाचे बेट आहे. आज त्यास अँगलसी म्हणतात. ड्रुइड नावाच्या ब्रिटन पुरोहितांचे ते पवित्र स्थान होते व रोमच्या शत्रूंना तेथे आश्रय मिळत असे. ते बेट जिंकून तेथील देवराया तोडण्यात सुभेदार गुंतला होता. पूर्वेकडील मुलूख जवळजवळ उघडा पडला होता.

बूडिकेच्या सैन्याने पहिला मोर्चा कॅम्युलोडूनमकडे वळविला. त्या वसाहतीत रोमनांनी नाटकगृह बांधले होते, सभागृह बांधले होते, देवालय बांधले होते. पण गावास तट मात्र बांधला नव्हता. इतकेच नव्हे, तर पूर्वीच्या छावणीचा तट पाडून व खंदक बुजवून त्यांनी त्यावर घरे उठविली होती. सुरक्षिततेपेक्षा सोयीचा विचार त्यांनी आधी केला होता. बंडाची कुणकुण लागताच गावात घबराट झाली. विजयदेवतेचा पुतळा आपोआप पालथा पडला, रिकाम्या नाटकगृहात आक्रोश ऐकू आला, अशा अफवा पसरल्या. गावकऱ्यांनी डेसियानसकडे मदत मागितली. त्याने अवघे २०० शिपाई पाठविले व त्यांच्यापाशीही पुरती शस्त्रे नव्हती. गावात लपून राहिलेले बंडाचे हस्तक लोकांस चुकीचा सल्ला देत राहिले. त्यामुळे खंदक खणला गेला नाही, मेढेकोट उभारला गेला नाही. बायका, मुले व वृद्ध यांना वेळीच बाहेरही काढले नाही.

आणि मग ब्रिटनांचा लोंढा आला. घरे पेटविण्यात आली. कुडाच्या भिंती व लाकडी तुळया धडधडा जळू लागल्या. थोडेसे शिपाई आणि त्यांच्यासह काही लोक धावत जाऊन क्लॉडियसच्या देवालयात शिरले व त्यांनी दारे लावून घेतली. साऱ्या गावात तेवढी एकच दगडी व भक्कम इमारत होती. ब्रिटनांनी देवालयास वेढा दिला. भोवती जळते गाव, बाहेर संतप्त सैन्य आणि आत मदतीची वाट पाहणारी माणसे, अशा स्थितीत दोन दिवस गेले. मदत आली नाही. दुसऱ्या दिवसअखेर देवालय पडले व आतील कोणीही वाचले नाही. ब्रिटनांच्या मनात सलणारे दास्याचे चिन्ह धुळीस मिळाले. पण त्याबरोबर ज्यांनी कोणाचे काहीही बिघडविले नव्हते अशी कितीतरी माणसेही प्राणांस मुकली.

त्या दिवसाची खूण आजही जमिनीत शिल्लक आहे. कॅम्युलोडूनम म्हणजे आजचे कोल्चेस्टर शहर. तेथे कोठेही खोल खणले, की जळालेल्या मातीचा तांबडा व काळा थर लागतो. त्या थरात करपलेले खजूरही मिळाले आहेत. २०१४ साली तेथील मुख्य रस्त्यालगतच्या एका जागेत एका घराच्या जमिनीखाली लहानसा खड्डा सापडला. त्यात सोन्याचांदीचे अलंकार व नाणी पुरलेली होती. शत्रू जवळ येत असल्याचे कळताच घरातील कोणीतरी ती घाईघाईने लपविली असावीत. वादळ ओसरल्यावर परत येऊन दागिने काढून घेऊ, अशी त्या व्यक्तीची आशा असणार. दागिने उकरावयास कोणीही परत आले नाही.

वसाहतीच्या मदतीस पेटिलियस सेरियालिस नावाचा सेनानी नववी रोमन पलटण घेऊन त्वरेने निघाला होता. बूडिकेच्या सैन्याने त्यास वाटेतच गाठले. त्याचे पायदळ कापले गेले. तो स्वतः घोडेस्वारांनिशी कसाबसा निसटून आपल्या छावणीत जाऊन बसला. या बातमीने डेसियानसचे धैर्य खचले. ज्याच्या लोभाने ही आग लागली होती, तोच ती विझविण्याऐवजी समुद्र ओलांडून गॉल देशात पळून गेला.

इकडे स्वेटोनियस पॉलिनस मोना बेटाहून शत्रूच्या मुलखातून वाट काढीत लंडिनियम येथे पोचला. हेच आजचे लंडन शहर होय. ते तेव्हा नुकतेच भरभराटीस येत असलेले व्यापारी गाव होते. व्यापाऱ्यांची व मालाची तेथे दाटी होती. परंतु तेथेही तट नव्हता. सुभेदाराने आपल्या शिपायांची मोजदाद केली आणि एक कठोर निर्णय घेतला. एक गाव गमावून सारा प्रांत वाचवावयाचा, असे त्याने ठरविले. लोकांनी रडून विनवण्या केल्या, पण तो बधला नाही. ज्यांना त्याच्याबरोबर चालता आले त्यांना त्याने सैन्याबरोबर घेतले. ज्यांना म्हातारपणामुळे, अशक्तपणामुळे किंवा गावाच्या ओढीमुळे पाय उचलता आला नाही, ते मागे राहिले व बूडिकेच्या सैन्याच्या हाती सापडले. लंडिनियम जळाले. त्यानंतर व्हेरुलेमियम हे गावही जळाले. तेथे राहणारे बहुतेक लोक ब्रिटनच होते. परंतु त्यांनी रोमनांशी सख्य केले होते, एवढा अपराध सूडाने पेटलेल्या लोकांस पुरेसा वाटला.

या तीन गावांत मिळून सुमारे ७०,००० माणसे मारली गेली, असे टॅसिटस या रोमन इतिहासकाराने लिहिले आहे. हा आकडा फुगविलेला असावा, असे आजचे अभ्यासक मानतात. तथापि संहार भयंकर झाला यात शंका नाही. बंडवाल्यांनी कैदी धरले नाहीत की कोणास जीवदान दिले नाही. राणीवर झालेला अन्याय घोर होता. परंतु तिच्या सैन्याने त्याचा सूड उगविताना अपराधी कोण व निरपराधी कोण हे पाहिले नाही. न्यायासाठी उचललेले शस्त्र सूडाच्या हाती गेले, की त्याची धार कोणावर चालेल याचा भरवसा राहत नाही.

स्वेटोनियस मात्र शांत डोक्याने तयारी करीत होता. त्याने चौदावी पलटण, विसाव्या पलटणीतील जुने शिपाई आणि आसपासच्या ठाण्यांतील लोक गोळा केले. एकंदर १०,००० सैनिक जमले. दुसऱ्या पलटणीच्या छावणीवरील अधिकाऱ्याने त्याचा हुकूम मानला नाही व तो आपले शिपाई घेऊन आलाच नाही. तरीही सुभेदार डगमगला नाही. त्याने लढाईची जागा मोठ्या विचाराने निवडली. ती एक अरुंद खिंड होती. पाठीमागे दाट अरण्य होते व समोर उघडे मैदान होते. त्यामुळे शत्रूस मागून किंवा बाजूने हल्ला करणे शक्य नव्हते. तो केवळ समोरूनच आणि थोड्याथोड्या संख्येनेच येऊ शकणार होता.

ब्रिटनांची संख्या रोमनांच्या कित्येक पट होती. लागोपाठच्या विजयांनी ते बेफिकीर झाले होते. आजचा विजय पाहण्यासाठी त्यांनी आपल्या बायकामुलांनाही बरोबर आणले होते व मैदानाच्या कडेला गाडे उभे करून त्यांत त्यांस बसविले होते. बूडिका रथात उभी राहिली. तिच्या दोन्ही मुली तिच्या पुढ्यात होत्या. एकेका जमातीपुढून रथ हाकीत ती लोकांना धीर देऊ लागली. आपण राणी म्हणून गेलेले राज्य मागावयास आलेलो नसून, सामान्य स्त्री म्हणून आपल्या अंगावरील फटक्यांचा व मुलींच्या विटंबनेचा जाब विचारावयास आलो आहोत, अशा आशयाचे भाषण तिने केले, असे टॅसिटस सांगतो. जिंकू किंवा मरू, हाच तिचा निश्चय होता.

लढाईस तोंड लागले. ब्रिटन आरोळ्या ठोकीत पुढे धावले. रोमन आपल्या जागी निश्चल उभे राहिले. शत्रू अगदी टप्प्यात आल्यावर त्यांनी भाल्यांचा वर्षाव केला, आणि मग पाचरीच्या आकाराची रचना करून ते एकदम पुढे घुसले. ब्रिटनांपाशी शौर्य उदंड होते. पण अंगात चिलखत नव्हते, कवाइतीची सवय नव्हती आणि जागा अपुरी होती. दाटीत लांब तलवारी फिरविण्यासही त्यांना अवकाश मिळेना. त्यांचा धीर सुटला व ते मागे वळले. तो काय, मागे त्यांच्याच गाड्यांची रांग वाट अडवून उभी होती! विजय पाहण्यासाठी मांडलेली ती रांग पराभवाच्या वेळी भिंत ठरली. रोमनांनीही त्या दिवशी स्त्रिया, मुले, एवढेच नव्हे तर गाड्यांची जनावरेदेखील सोडली नाहीत. टॅसिटसच्या लेखनानुसार सुमारे ८०,००० ब्रिटन पडले व रोमनांकडील सुमारे ४०० माणसे मेली. जेत्यांनी सांगितलेल्या या संख्या जशाच्या तशा खऱ्या मानता येत नसल्या, तरी आइसेनींचे बळ त्या दिवशी कायमचे मोडले हे खरे.

बूडिका शत्रूच्या हाती लागली नाही. तिने विष घेऊन प्राण सोडला असे टॅसिटस लिहितो; ती आजारी पडून वारली व लोकांनी तिचा मोठ्या इतमामाने अंत्यविधी केला असे डायो लिहितो. दास्यात एक दिवसही न जगता तिने या जगाचा निरोप घेतला.

लढाई संपली, पण हालअपेष्टा संपल्या नाहीत. बंडाच्या गडबडीत आइसेनींनी त्या वर्षी पेरणीच केली नव्हती. रोमनांच्या कोठारांतील धान्य लुटून आपण निर्वाह करू, अशी त्यांची कल्पना होती. आता दुष्काळाने लोक मरू लागले. शिवाय स्वेटोनियस आग व तलवार घेऊन गावोगाव फिरत होता. अशा वेळी डेसियानसच्या जागी ज्युलियस क्लासिसियानस नावाचा नवा अधिकारी आला. तो जन्माने रोम शहरचा नसून बहुधा गॉलकडील होता. त्यामुळे जिंकलेल्यांचे दुःख त्यास अधिक समजत असावे. असेच सूडाचे सत्र चालू राहिले तर या देशात कधीही शांतता नांदणार नाही, असे त्याने रोमला कळविले. सम्राटाने चौकशीसाठी माणूस पाठविला. पुढे इ. स. ६१ साली स्वेटोनियसला परत बोलावण्यात आले आणि सौम्य स्वभावाचा नवा सुभेदार नेमण्यात आला. तलवारीने जे साधले नव्हते, ते हळूहळू समजुतीने साधू लागले. या क्लासिसियानसच्या थडग्याचे कोरीव दगड लंडनमध्येच सापडले व ते तेथील ब्रिटिश संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

रोमनांनी या उठावापासून धडा घेतला. कॅम्युलोडूनम त्यांनी पुन्हा वसविले व या वेळी त्याभोवती भक्कम दगडी तट बांधला. त्या तटाचा बराच भाग आजही उभा आहे. क्लॉडियसच्या देवालयाचा चौथराही टिकून राहिला. पुढे सुमारे एक हजार वर्षांनी नॉर्मन लोकांनी त्याच चौथऱ्यावर किल्ला बांधला. आज त्या किल्ल्यात संग्रहालय आहे, आणि ज्या जागी वेढ्यात सापडलेल्या माणसांनी दोन दिवस मदतीची वाट पाहिली, तेथे शाळेतील मुले इतिहास पाहावयास येतात.

बूडिकेची आठवण मात्र पुष्कळ शतके बुजून गेली होती. आइसेनींनी स्वतः काहीही लिहून ठेवले नव्हते. तिची कथा जगास कळली ती तिच्या शत्रूंच्या ग्रंथांतून. टॅसिटसचा सासरा अ‍ॅग्रिकोला हा तरुणपणी स्वेटोनियसच्या हाताखाली ब्रिटानियात होता. टॅसिटसचा ग्रंथही मध्ययुगात विस्मृतीत पडला होता. तो पुन्हा प्रकाशात आल्यावर इंग्लंडमधील लोकांस आपल्या या जुन्या राणीची ओळख झाली. १९०२ साली लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी, वेस्टमिन्स्टरच्या पुलाजवळ तिचा ब्राँझचा भव्य पुतळा उभारण्यात आला. दोन घोड्यांच्या रथात ती उभी आहे. हातात भाला आहे व दोन्ही मुली तिच्याजवळ आहेत. ज्या शहराची तिने एके काळी राख केली, त्याच शहराने तिला असे मानाचे स्थान दिले आहे.

बूडिकेच्या सैन्याने केलेल्या क्रूर कृत्यांवर पांघरूण घालता येत नाही. परंतु हे बंड तिच्या क्रौर्यातून जन्मास आले नव्हते. एका राजाने विश्वासाने लिहिलेले मृत्युपत्र पायदळी तुडविले गेले, शेतकऱ्यांच्या जमिनी हिरावल्या गेल्या आणि एका आईचा व तिच्या मुलींचा घोर अपमान झाला, म्हणून ते पेटले. डेसियानसने ते मृत्युपत्र मानले असते, तर कॅम्युलोडूनमची घरे जळली नसती आणि जमिनीखाली पुरलेले ते दागिने दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी हातात व कानात शोभले असते. सत्ताधाऱ्याच्या लोभाची किंमत बहुधा सामान्य माणसेच चुकवितात. कोल्चेस्टरच्या रस्त्याखालचा तो तांबडा थर ही गोष्ट दोन हजार वर्षे सांगत आहे.